वीस पैशांचा कागद

"हे अख्खं जग एका खिळीवर फिरतं," मच्छिंद्र म्हणाला, "अन् ती खीळ कशी बसवायची हे ठाऊक असलेले हात सगळ्या जालना जिल्ह्यात आता दोनच उरलेत. बघून घ्या. हे ते."

त्याने दोन्ही हात राधेश्यामशेठच्या नाकासमोर धरले. तेवढ्यात त्याच्या चष्म्याची डावी दांडी निखळली आणि राधेश्यामशेठच्या चहात पडली.

राधेश्यामशेठने ती चिमटीने बाहेर काढली, झटकली, ऐरणीवर ठेवली आणि उरलेला चहा पिऊन टाकला. बदनापूर रस्त्यावर त्याची मोसंबीची नर्सरी होती. काही वाया घालवायची त्याला सवय नव्हती.

"मच्छिंद्रभाऊ, पहले ही खीळ बसवा," तो म्हणाला. "जगाचं मंग बघू."

सल्ला रास्त होता, पण त्यात एक शास्त्रीय अडचण होती. चष्म्याची खीळ मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढी. ती बसवायची तर दिसायला हवी, दिसायची तर चष्मा लावायला हवा, आणि चष्मा लावायचा तर खीळ बसवायला हवी. मच्छिंद्र महिनाभर या फेऱ्यात गरगरत होता. शेवटी उषाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, काळ्या दोऱ्याचे तीन वेढे मारून त्याची सुटका केली होती. आज दोरा सुटला.

मच्छिंद्र मिटते चाकू बनवायचा. मोसंबीचं कलम करताना जंबेरीच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरतात, त्या कामाचे हे चाकू. मूठ बाभळीची, पातं बोटभर, आणि दोघांना जोडणारी एक पितळी खीळ. कमान नाही, कळ नाही. पातं उघडं राहायचं ते खिळीच्या जोरावर आणि मिटायचं तेही तिच्याच मर्जीने. खीळ घट्ट बसली तर नखाने पातं उघडत नाही, पात्याने नख उघडतं. सैल बसली तर पातं वाटेल तेव्हा मिटतं, आणि ते वाटेल तेव्हा मिटतं तेव्हा नेमकं मधे कोणाचं तरी बोट असतं. या दोन्हींच्या मधली जागा कागदाएवढी. हे बोलायची पद्धत म्हणून नव्हे, खरोखरच कागदाएवढी. पातं आणि मूठ यांच्या मधे कागदाची पट्टी ठेवायची, खिळीची दोन्ही टोकं आलटून पालटून हलक्या हाताने ठोकत फुलवायची, आणि सगळं झालं की कागद ओढून काढायचा. कागद गेल्यावर जी फट मागे राहते, तीत चाकूचा जीव.

मच्छिंद्र हे राधेश्यामशेठला आणखी एकदा समजावून सांगणार होता, पण तेवढ्यात शेडमधल्या आडोशाचा पत्रा वाजला.

"पत्र्या," पलीकडून आवाज आला, "त्या माणसाला सांग, दोन हातातला एक परत कर म्हणावं. चाकू बिघडवायला एकच बास हाये."

"पत्र्या," मच्छिंद्रने हातोडीने उलट टोला दिला, "त्याला सांग, गिऱ्हाइकासमोर मोठी माणसं बोलून राह्यली. भांडी वाजवू नको म्हणावं."

पलीकडे तातेराव होता. मच्छिंद्रचा साडू. उषाबाई थोरली, केशरबाई धाकटी, आणि दोघींचे नवरे जुन्या जालन्यात, धान्याच्या ठोक दुकानांमागच्या गल्लीत एकाच शेडमध्ये बसायचे. शेडच्या बरोबर मधे हा पत्रा उभा केलेला. बाहेर दोन पाट्या. आधी मच्छिंद्रने लावली होती, 'मच्छिंद्र चाकूवाले'. तातेरावने शेजारी लावली, 'तातेराव चाकूवाले, मूळ'. मच्छिंद्रने रंगाऱ्याला बोलावून 'मूळ व जुने' करून घेतलं. तातेरावने 'मूळ, जुने व खरे' केलं. मग दोघांच्याही पाट्यांवरची जागा संपली म्हणून वाद तिथे थांबला.

दोघं एकमेकांशी अकरा वर्षं बोलत नव्हते. जे काही बोलायचं ते पत्र्याला. पत्र्याने अकरा वर्षांत हजारो निरोप पोचवले आणि एकातही स्वतःच्या पदरची भर घातली नाही. असा मध्यस्थ दोघांच्या नात्यागोत्यात दुसरा नव्हता.

भांडण एका टोल्यावरून होतं.

पूर्वी पत्रा नव्हता, तेव्हा दोघं मिळून खीळ बसवायचे. एकाने चाकू रुळाच्या तुकड्यावर धरायचा, दुसऱ्याने ठोकायचा, आणि चार टोले झाले की हातोडीची अदलाबदल. तो रुळाचा तुकडा म्हणजेच त्यांची ऐरण. अकरा वर्षांपूर्वी राधेश्यामशेठच्या नर्सरीचं उद्घाटन झालं. फीत कलमाच्याच चाकूने कापायची, अशी कल्पना निघाली. पाहुणे म्हणून शेतीखात्यातले एक रिटायर साहेब आले होते. त्यांना चाकू दिला. तो त्यांनी नखाने उघडायचा प्रयत्न केला, मग रुमालाने धरून केला, मग टाळ्या फार वेळ थांबून राहिल्या म्हणून दातांनी केला. पातं जागचं हललं नाही. साहेबांचा वरचा दात मात्र गळ्यातल्या हारावर पडला. फीत शेवटी मांडववाल्याने विडीच्या टोकाने जाळून तोडली.

खीळ एका टोल्याने जास्त ठोकली गेली होती. तो शेवटचा टोला कोणाचा? मच्छिंद्र म्हणाला तातेरावचा, तातेराव म्हणाला मच्छिंद्रचा, आणि तिसऱ्या दिवशी पत्रा आला.

टोला मच्छिंद्रचाच होता. साहेबांचा दात झेंडूच्या फुलात टेकला त्याच घडीला त्याला ते लख्ख आठवलं होतं. पण त्या घडीला तो गप्प बसला. अकरा वर्षं गप्प बसल्यावर माणसाला आपण निर्दोष असल्याचं हळूहळू पटायला लागतं. मच्छिंद्रला बारा आणे पटलं होतं.

"हे बघा," राधेश्यामशेठ आता पत्र्याच्या टोकाशी, दोन्हीकडचे दोघं दिसतील असा उभा राहिला. "माझ्याकडं चौतीस माणसं डोळे भरून राह्यली. निम्म्यांकडं ह्यांचे चाकू, निम्म्यांकडं त्यांचे. आता ते लोकं जेवायला बी वेगळे बसतात. काल एकाने दुसऱ्याच्या चाकूला नाव ठेवलं तर त्याने त्याच्या डब्यातली भाकर फेकली. मला हे बिलकुल नको. मला एका हाताचा माल पायजे. दोघं समोरासमोर एक एक चाकू करा. मी बघतो. ज्याची खीळ बराबर, त्याचा माल."

"पत्र्या, शेठला सांग, आपली ना न्हाई," तातेराव म्हणाला.

"शेठ इथंच उभे हायेत, त्यांना पत्रा कामून लागतो?" मच्छिंद्र म्हणाला आणि लगेच लक्षात आल्यावर पत्र्याकडे वळला. "अन् पत्र्या, त्याला हे बी सांग. जो हारंल त्यानं पाटी उतरवायची. कायमची."

पलीकडून पत्रा वाजला.

"मंजूर म्हणावं. अन् उतरलेली पाटी जितलेल्याच्या ऐरणीखाली. टेकू म्हणून."

"मंजूर!"

"चतुर्थीला मी राजूरला जाऊन येतो," राधेश्यामशेठ म्हणाला. "गणपतीसमोर दोघांचं बी नाव घेतो, म्हणजे माझ्यावर कुणाचा राग नको. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला."

तो गेल्यावर मच्छिंद्रने चष्म्याला दोरा बांधायला घेतला आणि तीनदा स्वतःचं बोट बांधलं.

खरी गोष्ट अशी होती की त्याला दिसत नव्हतं. अगदीच नाही असं नाही. ऑटो दिसायची, पण येते की जाते ते कळायचं नाही. माणूस दिसायचा, पण कोण ते तो बोलल्यावर. तीन महिन्यांपूर्वी एका मंगल कार्यालयात डोळ्यांचं फुकट शिबिर होतं, तिथे तो कोणाला न सांगता गेला होता. डॉक्टरने बॅटरी मारली, मान हलवली आणि एका जाड चिठ्ठीवर लिहून दिलं: मोतीबिंदू. दोन्ही डोळे. ऑपरेशन लवकर.

ती चिठ्ठी उषाबाईच्या हाती लागली असती, तर ती संध्याकाळपर्यंत केशरबाईला कळली असती, केशरबाईकडून तातेरावला, आणि रात्रीपर्यंत पुण्याला मुलाला, कल्याणला. कल्याण गेली दोन वर्षं म्हणत होता, बाबा, आता पुरे झालं, इकडे या. त्याच्या पाचव्या मजल्यावरच्या बाल्कनीत बाबांसाठी एक प्लास्टिकची खुर्चीही आणून ठेवली होती. समोर दुसऱ्या इमारतीची बाल्कनी होती आणि तिच्यात दुसऱ्या कोणाच्या तरी बाबांची खुर्ची. मच्छिंद्र एकदा त्या खुर्चीत चार दिवस बसून आला होता. समोरचे बाबाही बसले होते. दोघांनी चार दिवस एकमेकांना पाहिलं आणि दोघांनाही ते आवडलं नाही.

म्हणून चिठ्ठी रोज मळक्या शर्टाच्या खिशातून निघून धुतलेल्या शर्टाच्या खिशात जायची. तीन महिने ती उषाबाईच्या बादलीला चुकवत होती.

काम तो बोटांनी आणि कानाने निभावत होता. पातं, मूठ, भोक हे बोटांना माहीत. टोला कानाला. खीळ फुलायला लागली की आवाज भरीव होतो, आणि बसत आली की एक बारीक किणकिण उरते. किणकिण थांबली की थांबायचं. पुढचा टोला मारायचा नाही. तो पुढचा टोला काय करतो, हे मच्छिंद्रइतकं कोणाला ठाऊक होतं?

राहता राहिला कागद. तोही मच्छिंद्रकडे खास होता. दोघा साडूंचे सासरे एसटीत कंडक्टर. मशिनीची तिकिटं येण्याच्या फार आधी, रद्दीत निघालेल्या जुन्या कोऱ्या तिकिटांचे गठ्ठे त्यांनी हौसेने विकत घेऊन ठेवले होते. ते वारल्यावर दोघी बहिणींना त्यांची भांडी मिळाली आणि दोघा जावयांना तिकिटं. वीस पैशांची मच्छिंद्रला, पन्नास पैशांची तातेरावला. कागद एकाच गिरणीचा असावा, पण मच्छिंद्रचं म्हणणं, वीस पैशांचं तिकीट केसाने पातळ. तातेरावचं म्हणणं, पन्नास पैशांचं जास्त गुळगुळीत. याबद्दल पत्र्याने किती निरोप पोचवले याची मोजदाद नाही.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला राधेश्यामशेठ प्रसादाचे दोन मोदक घेऊन आला. दोन्ही बाजूंना एक एक दिला आणि पत्र्याच्या टोकाशी स्टूल टाकून बसला. उषाबाई आणि केशरबाई दारातल्या पायरीवर एकमेकींना खेटून बसल्या होत्या आणि एकाच परातीत वालाच्या शेंगा सोलत होत्या. नवरे बोलत नव्हते म्हणून बहिणींनी बोलणं थांबवावं, हे दोघींनाही पहिल्या दिवसापासून खुळचटपणाचं वाटलं होतं.

"करा सुरू," राधेश्यामशेठ म्हणाला.

मच्छिंद्रने भोकात खीळ सरकवली. बोटाने दोन्हीकडचं टोक चाचपलं. खसखशीएवढं इकडे, खसखशीएवढं तिकडे. बराबर. आता कागद. त्याने खिशात हात घातला. सकाळी त्याने तीन तिकिटं मुद्दाम खिशात टाकली होती. बोटाला जो पहिला कागद लागला तो त्याने ओढला, नखाने उभी पट्टी फाडली आणि पात्याच्या बाजूला सरकवली. जरा जड सरकली. जाड लागतंय, बोटं म्हणाली.

त्याच वेळी पलीकडे धाडधाड सुरू झालं.

तातेराव खीळ ठोकत नव्हता. खीळ अशी ठोकत नाहीत. तो मोकळ्या ऐरणीवर हातोडी आपटत होता, कारण मच्छिंद्र अलीकडे मान वाकडी करून, कान खाली लावून ठोकतो, हे त्याने पत्र्याच्या भोकातून महिनाभर पाहिलं होतं. असं का, ते त्याला कळलं नव्हतं. पण साडूला कान लागतो आहे, तर त्या कानात आवाज घालावा, इतकं त्याला कळत होतं.

"पत्र्या! त्याला म्हणावं, चाकू कर! वरातीला आला का तू?"

"पत्र्या, त्याला सांग, माझी ऐरण, माझी हातोडी. ऐकू जास्ती येत आसंल तर कापूस घाल."

"शेठ, हे बराबर न्हाई!"

"मी खीळ बघायला आलो," राधेश्यामशेठ म्हणाला. "आवाज मी बघत न्हाई."

जाड लागतंय, बोटं पुन्हा म्हणाली. मच्छिंद्र बोटांना म्हणाला, गप बसा, आणि ठोकायला लागला. दोन टोले इकडे. उलटं केलं. दोन टोले तिकडे. कानात तातेरावची वरात चालली होती. किणकिण आली की नाही कळेना. मग त्याला ते साहेब आठवले, तो हार आठवला, आणि त्याने जिथे थांबायचं त्याच्या एक टोला आधीच हातोडी खाली ठेवली. यावेळी जास्त तर नाहीच, असं मनाशी म्हणाला.

पलीकडची वरातही थांबली. मग हळू, जपून, चार टोले आले. मग चार. मच्छिंद्रने नको असताना ऐकलं. पलीकडच्या खिळीची किणकिण त्याला अगदी स्वच्छ ऐकू आली, आणि ती नेमक्या जागी थांबली. त्याला तातेरावच्या खानदानाचा, म्हणजे अर्ध्या स्वतःच्याच सासरचा, भयंकर राग आला.

"कागद," राधेश्यामशेठ म्हणाला.

या शेडची एक रीत होती, ती पत्रा आल्यावरही मोडली नव्हती. ज्याने ठोकलं त्याने आपला कागद आपण काढायचा नाही. स्वतःचा कागद माणूस लाडाने काढतो, अडला तरी अडला म्हणत नाही. कागद काढायचा तो दुसऱ्याने. अकरा वर्षं दोघं आपापला कागद आपापल्या बायकोकडून काढून घेत आले होते. आज राधेश्यामशेठने चाकूंची अदलाबदल केली.

मच्छिंद्रने तातेरावचा कागद चिमटीत धरला आणि ओढला. तो आला. अडला नाही, लोंबला नाही, तुपातून आल्यासारखा आला. मच्छिंद्रने बोटांत पट्टी घोळवली. पन्नास पैसे. जरासा गुळगुळीत होताच.

"हं," तो म्हणाला. या 'हं'चे कितीही अर्थ निघू शकत होते. त्याला त्यातला एकही कोणाला सांगायचा नव्हता.

पलीकडे तातेरावने मच्छिंद्रचा कागद ओढला. ओढायची गरजच पडली नाही. चाकू उलटा करताच कागद आपण होऊन त्याच्या तळहातावर पडला. तातेराव तो फेकून देणार होता, पण त्याच्यावर काहीतरी लिहिलेलं होतं आणि तातेरावचे डोळे उत्तम होते.

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग तो हसला. अकरा वर्षांत पत्र्याच्या त्या बाजूने हसण्याचा आवाज कोणी ऐकला नव्हता. केशरबाईच्या हातातली शेंग परातीबाहेर पडली.

"पत्र्या," तातेराव म्हणाला, "त्या माणसाला विचार, एसटीच्या तिकिटावर नवीन थांबा कवा आला? मोतीबिंदू. दोन्ही डोळे. हे गाव कुठं लागतं म्हणावं? जाफराबादच्या अलीकडं का पलीकडं?"

मच्छिंद्रचा हात खिशाकडे गेला. खिशात तीन वीस पैशांची तिकिटं होती. तिन्ही.

"काय म्हणले?" उषाबाई पायरीवरून उठली.

"काही न्हाई, उषे. त्याचं नेहमीचंच."

"पुढं आजून हाये," तातेराव म्हणाला. त्याने पट्टी उजेडाकडे धरली. "ऑपरेशन. मंग ल, अन् फाटलं. लग्न न्हाई तर लवकर. तारीख तीन महिन्यामागची."

"तीन महिने!" उषाबाई शेंगांची परात ओलांडून आत आली. "तीन महिने मी बघून राह्यले, हा माणूस अंघोळीच्या आधी खिसे कामून चाचपतो! मला वाटलं तंबाखू परत सुरू केली. म्हणून मागल्या आठवड्यात गल्लीत आमच्या केशरला म्हणला का, भाजीत मीठ न्हाई?"

"आगं बाई, ते तुला समजून म्हणले व्हय?" केशरबाई म्हणाली. "मला वाटलं मलाच. मी आपली तवापासून चमचाभर जास्ती घालते."

"म्हणून!" तातेराव ओरडला. आठवडाभर तो मुकाट्याने खारट भाजी खात होता, आणि आता त्याला कळलं की ती भाजीसुद्धा साडूकडूनच आली होती. त्याचं हसणं तिथेच विरलं.

राधेश्यामशेठने या सगळ्याशी संबंध ठेवला नाही. त्याने तातेरावचा चाकू घेतला, नख लावून पातं अर्धं उघडलं आणि टोक खाली करून धरलं. पातं होतं तिथे राहिलं. हिसका दिला. राहिलं. मग मच्छिंद्रचा चाकू घेतला, अर्धा उघडला आणि टोक खाली केलं. पात्याने मान टाकली.

"माझ्या माणसाचं बोट गेलं असतं," तो म्हणाला. "तातेराव."

एवढंच. मोदकाचा कागद चुरगाळून त्याने खिशात टाकला आणि स्टुलावरून उठला, कारण आता स्टूल पाटीसाठी लागणार होतं.

"मी उतरवीन," मच्छिंद्र म्हणाला. "माझी पाटी मी लावली, मीच उतरवीन. कोणी मधी यायचं न्हाई."

त्याने स्टूल बाहेर नेलं, पाटीखाली ठेवलं आणि चढला. एका हाताने चष्म्याची दोऱ्याने बांधलेली दांडी धरली, दुसऱ्या हाताने पाटीचे स्क्रू शोधायला लागला. पाटीला चार स्क्रू होते. त्याला एक सापडला, पण ती भिंतीवरची पाल निघाली. गल्लीत दोन स्कूटरवाले थांबले. त्यांचं काही काम नव्हतं.

"तुमी खाली उतरता का मी चढू?" उषाबाई म्हणाली.

"सापडला! हा बघ."

"ते त्यांच्या पाटीचं हाये. तुमी तातेरावची पाटी काढून राह्यले."

तेव्हा तातेराव बाहेर आला. पत्र्याच्या टोकाला वळसा घालून, अकरा वर्षांत पहिल्यांदा, तो साडूच्या बाजूला आला. हातात स्क्रू-ड्रायव्हर होता. समोर पत्रा नव्हता, म्हणून क्षणभर तो कोणाशी बोलावं या विचारात पडला, आणि मग दाराच्या चौकटीशी बोलला.

"त्याला म्हणावं, उतर खाली. पाटीच्या आधी हाडं खाली येतील अन् उद्या गल्ली म्हणंल, साडूनं पाडला."

"त्याला म्हणावं, पडलो तर स्वतःच्या पायानं पडीन."

"चौकटी, ह्याला सांग, आता ह्याची ऐट पाटीबरोबरच ऐरणीखाली जाणार हाये."

"तिची जागा बघून ठेव! तुझी ऐरण वाकडीच हाये, टेकू लागंलच!"

असं बोलत बोलत मच्छिंद्र उतरला आणि तातेराव चढला. कर्र कर्र करत चार स्क्रू निघाले. तातेराव पाटी काखेत घेऊन खाली आला. भिंतीवर पाटीच्या आकाराचा एक पांढरा चौकोन राहिला. मच्छिंद्रला तो दिसला. एवढं मोठं पांढरं त्याला अजून दिसायचं.

तो बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला.  उषाबाई आता फोनवर कल्याणचा नंबर शोधत होती, हे कळायला त्याला बघायची गरज नव्हती. बटणांचा आवाज येत होता.

"तातेराव," मच्छिंद्र म्हणाला.

उषाबाईचं बोट फोनवर थांबलं. केशरबाई पायरीवरून उठून उभी राहिली. राधेश्यामशेठ गाडीला किल्ली लावत होता, त्याने ती परत काढली. मच्छिंद्रच्या तोंडून हे नाव अकरा वर्षांत कोणी ऐकलं नव्हतं.

तातेरावने पाटी खाली ठेवली. "बोला, भाऊ," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळून त्याचे कान तांबडे झाले.

"अकरा वर्षं," मच्छिंद्र म्हणाला, "एक गोष्ट माझ्या पोटात हाये."

 मागच्या दुकानात ज्वारीची पोती उतरत होती, तेवढा एक आवाज.

"मी त्या दिवसापासून सांगीन सांगीन म्हणतो. रुळावर चाकू कोणी धरला होता, हातोडी कोणाच्या हातात होती. सगळ्यांच्या समोर सांगायचं हाये. आज सगळे हायेत." त्याने श्वास घेतला. मान ताठ केली. ती ताठ करताना दोऱ्याचा शेवटचा वेढा सुटला आणि चष्मा नाकावरून घसरून त्याच्याच हातात आला. दांडी वेगळी, काच वेगळी.

तो हातातल्या त्या दोन तुकड्यांकडे बघत राहिला. मग त्याने खिशात हात घातला, यावेळी बोटांचं ऐकून, नीट चाचपून, एक बारीक कागद काढला आणि चष्म्यावर ठेवून तातेरावपुढे धरला.

"तेवढी ही दांडी बसवून द्या," तो म्हणाला. "अन् मधी कागद घालायचा झाला तर हा वीस पैशाचा घाला."